कचेरी सुटल्यानंतरचं नाव

नोकरदार माणसाची ओळख बहुतेक उसनी असते. ‘बँकेतल्या बाई’, ‘पंचायत समितीतले शिंदे’, ‘एसटीतले काका’. पगार देणारं नाव पुढे, आपलं मागे. मला त्याचा कधी त्रास झाला नाही. उलट सोयच झाली. सोसायटीच्या सभेत बँकेतली बाई बोलायला उठली की सेक्रेटरी हिशेबाची वही पुन्हा उघडतो, हॉलवाला ॲडव्हान्ससाठी फार ताणून धरत नाही आणि कुणाला घरासाठी कर्ज काढायचं झालं की लांबच्या नात्यालाही आपली आठवण येते. हे सगळं बँकेच्या पाटीचं पुण्य आहे, हे पहिल्या काही वर्षांतच कळतं. आणि एके काळी ज्यांच्या केबिनबाहेर आपण ताटकळत उभे राहिलो, ते साहेब निवृत्तीनंतर पासबुक भरून घ्यायला रांगेत उभे दिसले, की उरलंसुरलंही कळतं.

अशात मंडईत मेथीची जुडी पिशवीत टाकताना एक मुलगा म्हणाला, “मॅडम, तुम्ही मोडी शिकवता ना? आवाजावरून ओळखलं.”

त्याला चेहरा ओळखता येणं शक्यच नव्हतं. माझ्या व्हिडिओत फक्त हात, कागद आणि आवाज असतो. पुराभिलेख विभागाची मोडीची परीक्षा मी नोकरी लागल्यावर हौसेनं दिली होती, आणि वाचायचा सराव आजोळच्या जुन्या कागदांवर होत राहिला. टाळेबंदीत बँक चालू होती, पण संध्याकाळ एकदम रिकामी झाली. तेव्हा पुस्तकांच्या चळतीवर मोबाइल आडवा ठेवून मी मोडी लिहायला लागले आणि भाच्यानं ते यूट्यूबवर चढवून दिलं. तोच परवा म्हणाला, “मावशी, तुझा पर्सनल ब्रँड झालाय.” त्यानं हे कौतुकानंच म्हटलं. मला मात्र रात्री झोप लागेना. हे नाव कुणाचं, ते कशासाठी कमावलं आणि महिनाअखेरीला पगार जमा होत असताना त्याची गरज तरी काय, हे प्रश्न काही डोक्यातून जाईनात.

कल्पना तशी फार जुनी नाही. टॉम पीटर्स या अमेरिकी व्यवस्थापन सल्लागारानं ऑगस्ट १९९७ मध्ये ‘फास्ट कंपनी’ मासिकात यावर लेख लिहिला आणि तिथून ही कल्पना पसरली. साबणाला, बुटाला जसं नाव असतं तसं प्रत्येकानं स्वतःचं करावं. आपण ज्या कंपनीत काम करतो तिचे नोकर नसून ‘मी’ नावाच्या कंपनीचे प्रमुख आहोत असं समजून वागावं, असा त्याचा मथितार्थ. ते दशक अमेरिकेत मोठमोठ्या कंपन्यांनी माणसं कमी करण्याचं होतं. ज्या कंपनीत लागलो तिथूनच निवृत्त व्हायचं, हा भरवसा गेला होता. तेव्हा हा उपदेश मुळात एक विमा होता. कंपनीची पाटी डोक्यावरून गेली तरी खाली आपली एक छोटी पाटी असावी. पुढे २००३ मध्ये लिंक्डइन आलं आणि ही छोटी पाटी रोज पुसून लखलखीत ठेवणं हेच एक काम होऊन बसलं.

मालकांना मात्र नोकराची दुसरी पाटी फारशी रुचत नाही. २०२२ मध्ये विप्रोनं ३०० जणांना घरी बसवलं, कारण ते त्याच वेळी प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करत होते. इन्फोसिसनं कर्मचाऱ्यांना मेल पाठवून दुहेरी आयुष्य चालणार नाही असं बजावलं. भाचा हिंजवडीत असतो. त्याचं दुसरं काम म्हणजे गिटार शिकवण्याचं चॅनल. त्यानं कुणाचं काय घोडं मारलं होतं? तरी त्या आठवड्यात त्यानं चॅनलवरून आपलं आडनाव काढून टाकलं, ते आजतागायत परत घातलेलं नाही.

सरकारी नोकरांचं तर विचारूच नका. महाराष्ट्र शासनानं जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांबद्दल सविस्तर सूचना काढल्या. वैयक्तिक खातं आणि कचेरीचं खातं वेगळं ठेवा. वैयक्तिक खात्यावर पदनाम, गणवेश, सरकारी गाडी, सरकारी इमारत नको. चांगल्या कामाची माहिती द्यायला हरकत नाही, पण तीत स्वतःची स्तुती होणार नाही याची काळजी घ्या. हे वाचून मला हसू आलं. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातल्या पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणं सांगितली आहेत. आपली स्तुती आपणच करणारा माणूस त्या यादीत आहे. इतक्या शतकांनंतर तेच सांगायला मंत्रालयाला कागद काढावा लागला.

पण हसून भागत नाही, कारण हा पेच माझाही आहे. आमच्या घरांतून ‘आपण बरं, आपलं काम बरं’ हे बाळकडूच मिळतं. चारचौघांत मुलाचे मार्क सांगतानाही आवाज खाली घ्यायचा. आणि मोबाइल म्हणतो, रोज स्वतःबद्दल काहीतरी बोल. मी हातच तेवढा दाखवते, तो बहुधा या दोन शिकवणुकींमधली तडजोड म्हणून. आपण मिरवत नाही, असं स्वतःला समजावायला ते बरं पडतं. मिरवायचं असतंच, फक्त अक्षराच्या आडून.

ही अक्षरं लिहायची कशी ते सांगते. सासूबाईंची मालिका संपून टीव्ही बंद झाल्याशिवाय रेकॉर्डिंग करता येत नाही. मग बोरू घ्यायचा. त्याचं टोक चाकूनं तिरकं तासलेलं असतं. तासणी जरा चुकली तरी अक्षराची जाडी बिघडते. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं सोडत जायची. मोडी ही घाईच्या माणसांची लिपी आहे, कचेरीतल्या माणसांची. ऱ्हस्व-दीर्घ पाहायला तिला सवड नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकसारखेच. दिवस समजायचा की दुबळा, ते मागचापुढचा मजकूर पाहून ठरवा. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. शब्द कुठे तोडायचा याची जबाबदारी लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्यावर टाकलेली असते.

तारीखसुद्धा सुखासुखी मिळत नाही. कागदावर ‘सन समान सबैन मया व अलफ’ असं असतं. हे शुहूर सनाचे अरबी आकडे, आणि वाचायचे एककापासून वर. समान म्हणजे आठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११७८. त्यात ५९९ मिळवले की १७७७. पण हे वर्ष सूर्य मृगात गेला की बदलतं, म्हणून कागद पुढच्या जानेवारीपासूनचा असेल तर मिळवायचे ६००, आणि साल होतं १७७८. एवढी आकडेमोड केल्यावर मजकूर काय निघावा? तर बैलांना वैरण मिळाली नाही ती पाठवून द्यावी. मला हे फार आवडतं. दिवसभर एनपीएच्या याद्या पाहिल्यावर दोनअडीचशे वर्षांपूर्वीच्या बैलांची काळजी करत बसणं, यासारखा विसावा नाही.

नोकरी सांभाळून दुसरं नाव कमावणं मराठी माणसाला काही नवीन नाही. वऱ्हाडात सरकारी कारकुनी करणारे नारायण मुरलीधर गुप्ते ‘बी’ या एका अक्षराखाली कविता लिहीत राहिले. ‘फुलांची ओंजळ’ हा त्यांचा संग्रह १९३४ मध्ये निघाला तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. मुंबई महापालिकेत वास्तुविशारद म्हणून नोकरी करणाऱ्या व. पु. काळ्यांचं उदाहरण आजच्या काळाला आणखी जवळचं. ते नुसते लिहून थांबले नाहीत, गावोगाव कथाकथन केलं, त्या कथांच्या कॅसेट निघाल्या, आणि ‘वपु’ या दोन अक्षरांवर सभागृहं भरली. आता व्हॉट्सॲपवर सकाळी सकाळी वपुंच्या नावानं जी वाक्यं येतात, त्यांतली कोणती खरोखर त्यांची हे विचारायला कुणाला सवड नाही. नाव फार मोठं झालं की ते मालकाच्या हाती राहत नाही, हेही त्यात आलं. आणि १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेचं काय? बँका, पोस्ट, महापालिका, कारखाने यांतली किती माणसं पाच वाजता फायली मिटून तालमीला पळाली असतील! त्यांतली बहुतेक दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला पुन्हा टेबलावर हजर असत.

माझ्या क्षेत्रातली दोन माणसं मला नेहमी शेजारी शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात. १८९८ हे दोघांच्याही आयुष्यातलं मोठं वर्ष. त्या वर्षी विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पानिपताच्या काळाचे ते कागद त्यांना आमच्या सातारा जिल्ह्यातल्या वाईत मिळाले होते. राजवाडे नोकरीत रमले नाहीत. दप्तरं शोधत गावोगाव फिरले, साधनांचे २२ खंड सिद्ध केले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. त्याच १८९८ मध्ये गोविंद सखाराम सरदेसायांची ‘मुसलमानी रियासत’ आली. ते १८८९ पासून बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. राजपुत्रांना शिकवायचं, महाराजांना वाचून दाखवायचं, त्यांच्याबरोबर फिरायचं. राजपुत्रांना इतिहास शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून रियासत उभी राहिली. तीन तपं ही नोकरी करून, तीतून मोकळं झाल्यावर त्यांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. १९३० ते १९३४ एवढ्या थोड्या वर्षांत.

शाळेत आपल्याला राजवाड्यांची गोष्ट सांगतात. फाटका कोट, पायपीट, कागदांचं वेड, कुणाची पर्वा नाही. सरदेसायांची गोष्ट सांगण्याजोगी नाही, कारण तीत पगार आहे, रजा आहे, वरिष्ठ आहेत आणि रोजचं काम आहे. पण लोकांनी त्यांना ‘रियासतकार’ म्हटलं, आणि आज त्यांचं नाव या पदवीशिवाय उच्चारायचं तर जीभ अडखळते. बडोद्याच्या दरबारातला हुद्दा कुणाला आठवत नाही. उसनी पाटी गळून पडली आणि कामानं दिलेलं नाव उरलं. राजवाडे होण्याची माझी ताकद नाही आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही. सरदेसायांच्या वाटेनं मात्र दोन पावलं जाता येतील असं वाटतं.

त्याहून खाली उतरले तर आणखी जवळची माणसं भेटतात. पेशवाईतल्या मोडीच्या वळणांची नावं सांगतात ती अशी: चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी. ही सगळी दप्तरात बसून दुसऱ्याच्या नावानं पत्रं लिहिणाऱ्यांच्या हाताची वळणं. पत्र धन्याचं, शिक्का धन्याचा, मजकूरही धन्यानं सांगितलेला. यांचं काय, तर अक्षर. ते इतकं नेटकं आणि इतकं नेमानं उतरलं, की शेजारी बसलेल्यानं ते गिरवलं, त्याच्या शेजारच्यानं त्याचं पाहून गिरवलं, आणि वळणाला नाव पडलं. पूर्णवेळ नोकरी करताना आणि तेही दुसऱ्याच्या सहीखाली कमावलेली ही नावं आहेत. त्यांनी नावासाठी काही वेगळं केलं असेल असं मला वाटत नाही. पोट भरण्याचंच काम त्यांनी असं केलं, की ते दुरून ओळखू यावं.

आजच्या माझ्या दप्तराचे धनी निराळे. यूट्यूबकडून जाहिरातीचा पैसा हवा असेल तर १,००० सदस्य लागतात आणि बारा महिन्यांत लोकांनी ४,००० तास व्हिडिओ पाहिलेले असावे लागतात. ही अट निदान लिहिलेली तरी आहे. न लिहिलेली अट म्हणजे थांबायचं नाही. मार्चमध्ये वर्षअखेरीच्या कामात माझं चॅनल झोपतं. एप्रिलमध्ये पाहावं तर आलेख पाडव्याच्या आधीच कोसळलेला. लोक विसरतात म्हणून नव्हे. यंत्र लोकांपुढे आपल्याला ठेवायचं बंद करतं. त्याला नियमितपणा हवा, तोही हजेरीपटापेक्षा कडक. रजेचा अर्ज तिथे चालत नाही.

गंमत अशी, की नोकरीचे नियम याच्या बरोबर उलट बोलतात. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीचे १९६४ चे वर्तणूक नियम पाहा. व्यापारधंदा परवानगीशिवाय करायचा नाही. मात्र साहित्य, कला किंवा विज्ञान यांतलं काम अधूनमधून केलं तर चालेल, कचेरीच्या कामावर परिणाम होता कामा नये. आमच्या बँकेचे नियम वेगळे, पण सूर तोच. मी अर्ज केला तेव्हा बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: बँकेचं नाव कुठे येऊ नये, कामाच्या वेळेत काही करू नये, मोबदला घेऊ नये. मोबाइलला सतत हवं आणि नियमाला अधूनमधून. मी नियमाच्या बाजूची आहे, आणि भीतीपोटी नव्हे. हौस अधूनमधूनच टिकते. ज्या आठवड्यात सांगण्यासारखा कागद हाती नसतो, त्या आठवड्यात मी गप्प बसू शकते. नियमानं मला काही दिलं असेल तर हे गप्प बसणं.

त्याची किंमत २०२३ च्या अखेरीला कळली. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती काम करत होती. गावोगावची जुनी दप्तरं बाहेर निघाली, आणि त्यांतला पुष्कळ मजकूर मोडीत. कालपर्यंत ज्या लिपीला छंद म्हणत होते, तिच्यावर आता मुलांचे प्रवेश आणि नोकऱ्या टांगल्या गेल्या. मला फोटो यायला लागले. कोतवाल बुकाची पानं, जन्ममृत्यूच्या नोंदी, कडा कुरतडलेल्या, अंधारात काढलेल्या. खटाव तालुक्यातल्या एका आजोबांनी नातवाकडून एक पान पाठवलं आणि मागोमाग फोन केला. “ताई, तेवढं एक अक्षर वाचून द्या. तुमचं काय असंल ते देतो.”

अक्षर पाहिलं. नावापुढे जातीच्या रकान्यात आखूड काहीतरी लिहिलं होतं. ‘कु’ असावं असं वाटत होतं. खालचा फाटा शाईत बुडाला होता आणि पानाची घडी नेमकी तिथूनच गेलेली. त्याच लेखकाच्या हातचं दुसरं पान असतं तर ताडून पाहता आलं असतं. मी सांगितलं, “आजोबा, मला हे नक्की लागत नाही. आणि मी वाचलं तरी त्या वाचण्याला सरकारदरबारी किंमत नाही. मूळ वही घेऊन तहसीलला जा, त्यांचे नेमलेले वाचक असतात.” पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, “पोरगं म्हणलं, तुम्ही लई मोठ्या हाय.”

ते वाक्य मला अजून बोचतं. चॅनलनं मला मोठं केलं होतं आणि मोठ्या माणसाला अक्षर लागत नाही हे त्यांना पटत नव्हतं. नावाला खात्री लागते. कॅमेऱ्यासमोर जो ठामपणे बोलतो त्याचं लोक ऐकतात; ‘असावं’, ‘वाटतं’, ‘ताडून पाहायला हवं’ असं म्हणणाऱ्याला पुढे सरकवतात. आणि मोडी वाचणाऱ्याचं अर्धं शहाणपण तर शंकेत असतं. जुन्या संपादकांनी न लागलेल्या अक्षरापाशी टिंबं देऊन ठेवली, ती काही त्यांच्या अज्ञानाची जाहिरात नव्हे. पुढच्या वाचणाऱ्याशी ते प्रामाणिक राहिले. त्या दिवसांत मोडी वाचून देण्याचे दर वाढत होते. डिजिटल मार्केटिंग करणारा एक तरुण घरी येऊन गेला. त्याची योजना तयार होती: एकवीस दिवसांत मोडी, शेवटी प्रमाणपत्र, वर ‘तुमचा कागद आम्ही वाचू’ अशी सेवा, नफ्यात निम्मी भागी. चहा पिता पिता त्यानं जो आकडा सांगितला, तो ऐकून आमच्या ह्यांनी बिस्किटाची बशी पुन्हा एकदा त्याच्यापुढे केली.

मी नाही म्हटलं. त्यात थोरवी कसली? मला ते परवडत होतं. एकवीस दिवसांत मोडीची अक्षरं येतात, वाचन येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण हे ठाऊक असूनही हो म्हणणारी माणसं वाईट असतात असं नाही, त्यांना घरभाडं असतं. माझं घर त्या चॅनलवर चालत नाही. ‘हे अक्षर लागत नाही’ हे वाक्य मी बोलू शकते, कारण महिन्याचा पगार त्या वाक्यावर अवलंबून नाही. लोक मला विचारतात, नोकरीमुळे तुमचं केवढं नुकसान होतं, पूर्णवेळ केलंत तर कुठल्या कुठे जाल! मला उलट दिसतं. नोकरी ही या नावाची राखणदार आहे. ती आहे म्हणून नाव अजून बाजारात उभं राहिलेलं नाही.

आणि ती फक्त राखण करत नाही, शिकवतेही. कर्जाची फाइल आली की सातबारा, फेरफार, वकिलाचा शोध अहवाल यांतून एकेक नाव ताडून पाहायचं ही माझी रोजची मजुरी. वारसनोंदीत बहिणीचं नाव का गळलं? हक्कसोडपत्र कुठे आहे? एकाच माणसाचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी का? कागद खोटं बोलतो असं नाही, पण न विचारता सगळं सांगतही नाही. पेशव्यांच्या काळातला कागद हाती आला की मी हेच प्रश्न घेऊन त्याच्यापुढे बसते. दुसऱ्या मोडीवाल्या बाईत आणि माझ्यात फरक असलाच तर तो मी दिवसा जे करते त्याचा आहे. बँकेचं नाव घ्यायची मला परवानगी नाही, पण बँकेनं लावलेली सवय प्रत्येक व्हिडिओत असते.

एवढा युक्तिवाद रचून मी समाधानात होते, तो आमच्या शाखेतल्या एका मुलानं पाडला. मुलगा बँकेचा नाही, एजन्सीमार्फत आलेला. कर्जाचे अर्ज गोळा करतो, खुर्ची जिन्याखाली. आमचे वर्तणुकीचे नियम त्याला लागू नाहीत आणि आमचा पगारही. कचेरी सुटल्यावर तोही व्हिडिओ करतो. सिबिल स्कोअर म्हणजे काय, जामीन राहताना काय पाहावं, हप्ता चुकला तर कुणाला फोन करावा, हे सगळं अस्सल माणदेशी बोलीत. मी त्याला माझं राखणदाराचं तत्त्वज्ञान ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “मॅडम, तुम्हाला नाही म्हणायला पगार आहे, मागाहून पेन्शन आहे. २०१० नंतर बँकेत लागलेल्यांना तुमच्यासारखी पेन्शन नाही. मी तर लागलोच नाही. उद्या एजन्सी बदलली की माझ्याकडे चॅनलच.”

मला उत्तर सुचलं नाही. टॉम पीटर्सनं ज्यांच्यासाठी लिहिलं ती माणसं आता जिन्याखाली बसतात. माझं नाव ही हौस आहे, त्याचं नाव ही तजवीज. मी त्याला ‘विकू नकोस’ म्हणणं म्हणजे पोट भरलेल्यानं उपासाचं माहात्म्य सांगण्यासारखं झालं असतं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. पुढच्याच महिन्यात त्याला मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्या एका ॲपकडून विचारणा आली. एका मिनिटाच्या व्हिडिओला त्याच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढे पैसे. तो मेल त्यानं मला दाखवला. मी मुद्दामच काही बोलले नाही. तेव्हा बोलायचा मला अधिकार वाटेना. चार दिवसांनी त्यानंच सांगितलं, नाही म्हणून कळवलं.

“का रे?”

“मॅडम, माझे व्हिडिओ गावात सगळे बघतात. मामा बघतो. त्यानं ते ॲप घेतलं आणि वसुलीवाले त्याच्या फोनमधल्या सगळ्यांना फोन करत सुटले, तर मी जत्रेला कुठल्या तोंडानं जाऊ?”

पगार नाही, पेन्शन नाही, तरी त्यानं तेच केलं जे मी पगाराच्या जोरावर करत होते. तेव्हा राखणदार नुसता पगार नसतो. ज्यांच्यात पुन्हा उठायचं-बसायचं आहे अशी माणसं समोर असली, की तीही राखण करतात. हजारो अनोळखी लोकांपुढे बोलताना त्यांत एक मामा दिसत राहणं, हे ज्याला साधलं त्याचं नाव बहुधा बरं राहील. माझे मामा म्हणजे खटावचे ते आजोबा. एखादं अक्षर ठोकून द्यावंसं वाटलं की तेच आठवतात.

त्या मुलानं सगळ्याच जाहिराती नाकारल्या असं मात्र नाही, आणि का नाकाराव्यात? गावातल्या एका चष्म्याच्या दुकानाची त्यानं घेतली. पैसे घेतले असतील तर तसं प्रेक्षकांना स्पष्ट दिसेल असं लिहायचं, हा जाहिरातींच्या मानक परिषदेचा २०२१ पासूनचा दंडक त्याला ठाऊक होता. दुपारच्या सुटीत कागद आणि स्केचपेन घेऊन तो माझ्या टेबलाशी आला. “मॅडम, ‘जाहिरात’ एवढं मोडीत लिहून द्या ना. नियमही पाळला जाईल आणि कुणाला वाचताही येणार नाही.”

आसपासची चार टेबलं हसली, मीही हसले. मग त्याच्या हातातलं स्केचपेन घेतलं आणि चांगलं ठळक, शाळेतल्या फळ्यावर लिहितात तसं बाळबोधीत लिहून दिलं.